सोळा टक्के अमारोने: ‘अ’ की ‘ब’?

गारगोटी

शनिवारी आमच्या स्वयंपाकघरात दोन बाटल्यांवरून वाद झाला. माणसं घरी गेली, भांडी घासून झाली, पण वाद अजून व्हॉट्सअ‍ॅपवर चालूच आहे. म्हणून इथे आणतेय. इथे जाणकार आहेत, आणि नसले तरी मतं कुणाकडे कमी नसतात.

आधी थोडं सांगते. मी नोकरीनिमित्त व्हेरोनात राहते. शहर संपलं की उत्तरेकडे टेकड्या लागतात, तो भाग व्हालपोलिचेल्ला. नेग्रार, मारानो, फुमाने, सान पिएत्रो आणि सांताम्ब्रोजो हा त्यातला जुना पट्टा. लेबलवर ‘क्लासिको’ असेल तर द्राक्षं इथली. इथली सगळ्यात दणकट वाईन म्हणजे अमारोने. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षं तोडतात, पण चिरडत नाहीत. माळ्यावर हवेशीर पसरून तीन-चार महिने सुकवतात. वजन एक तृतीयांशानं घटतं, कधी चाळीस टक्क्यांनीही. मग ऐन थंडीत ती सुरकुतलेली द्राक्षं चिरडून सावकाश आंबवतात. पाणी उडालेलं असतं, त्यामुळे साखर, आंबटपणा, सालीचा तुरटपणा सगळंच दाटलेलं. साखरेची जवळजवळ सगळी दारू होते. कायद्यानं किमान १४ टक्के, पण बाजारात १५-१६ सर्रास.

तर आम्ही सहा मराठी टाळकी. दोन बाटल्या, दोन्ही २०१६ च्या, किंमत उन्नीस-बीस. मी त्या ‘लारेना’च्या, म्हणजे इथल्या दैनिकाच्या, पानांत गुंडाळून दोऱ्यानं बांधल्या आणि वर ‘अ’, ‘ब’ लिहिलं. नावं इथेही सांगणार नाही, कारण नाव कळलं की चव बदलते.

‘अ’: ग्लासात ओतली की पलीकडचं बोट दिसेना. वास ताटात वाढल्यासारखा एकदम समोर. काळ्या खजुराचा, चेरीच्या मुरंब्याचा, वर व्हॅनिला आणि कॉफी. तोंडात घेतली की गाल भरून जातात. गोडसर, जाड, मऊ. सगळे एकदम “वाहवा”.

‘ब’: रंग फिका, माणकासारखा, कडेला विटकरी झाक. पहिल्या मिनिटाला वास जवळजवळ नाहीच. नंतर सुकवलेली चेरी, संत्र्याची साल, थोडा तंबाखू, आणि पावसानंतर जुन्या लाकडी दाराला येतो तसा काहीतरी वास. तोंडात आधी आंबट, मग तुरट, आणि शेवटी चेरीची बी चावल्यासारखा बारीक कडवटपणा.

कौल: पाच विरुद्ध एक. ‘अ’ जिंकली. ती एक मी नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगते.

खरी गंमत पुढे. जेवायला बसलो, मटणाचा रस्सा होता. दुसरा ग्लास भरताना सगळ्यांचे हात ‘ब’कडे गेले. कुणी ठरवून नाही. रात्री अकराला ‘ब’ रिकामी आणि ‘अ’ अर्धी.

आता प्रश्न. पहिल्या घोटाला जिला पाचानं डोक्यावर घेतलं, तिलाच दुसऱ्या ग्लासाला पाचानं टाळलं. मग श्रेष्ठ कोण? इतक्या दाट वाईनचं मोजमाप करायचं कशानं?

पेठकर

महिनोन्महिने सुकवून पाणी घालवायचं आणि मग तीच वस्तू पाण्यासारखी प्यायची, यात कुणाचे कष्ट वाचले हे कळलं नाही. बाकी वर्णन झकास. जुन्या लाकडी दाराचा वास आमच्या वाड्यात फुकट मिळतो.

बागवाला_तासगाव

ताई, हे तर आमच्याच धंद्यातलं निघालं की! आमच्याकडं सगळा बेदाण्याचा कारभार. तुमच्या लेखात तीन-चार महिने वाचून डोळे पांढरे झाले. आम्ही द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतो, त्यानं सालीवरचा मेणासारखा लव जातो, मग शेडमधल्या रॅकवर जाळीवर टाकली की पंधरा दिवसांत बेदाणा तयार. चार किलो द्राक्षाला एक किलोच्या आसपास उतारा. तिथं बुडवत नाहीत का? तीन महिने तशीच ठेवली तर बुरशी नाही धरत? आणि ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, किती येतो? वाईनचं मला कळत नाही, सुकवण्याचं कळतं.

गारगोटी

@बागवाला_तासगाव, दादा, तुमच्या प्रश्नांची वाटच बघत होते. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात एका शेतकऱ्याच्या सुकवणीच्या माळ्यावर गेले होते. या जागेला फ्रुत्ताइओ म्हणतात, आणि सुकवण्याच्या क्रियेला आपासिमेंतो.

बुडवत अजिबात नाहीत. उलट सालीवरचा तो लव जपतात, कारण पाणी हळूहळूच जायला हवं. घड तोडतानाच निवडतात: सुटसुटीत, मण्यामण्यांतून हवा खेळेल असे. दाटीवाटीचा घड साध्या वाईनला. पूर्वी बोरूसारख्या वेताच्या चटया असायच्या, त्यांना आरेले म्हणतात, एकावर एक खणांसारख्या. आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचे उथळ क्रेट, एका क्रेटमध्ये घडांचा एकच थर. मी गेले तेव्हा बाहेर धुकं होतं, आणि इथलं धुकं म्हणजे कपडे दोन दिवस वाळत नाहीत. आत मोठे पंखे चालू. म्हातारबाबा प्रत्येक क्रेटपाशी थांबून घड खालून वर उचलायचे, एखादा मणी दाबायचे आणि पचकन फुटला की तोडून बादलीत टाकायचे. हवेत मनुकांचा वास, खाली किंचित आंबूस. मला म्हणाले, “द्राक्ष वाळलं पाहिजे, मेलं नाही पाहिजे.”

बुरशी धरतेच. त्यातली राखाडी बुरशी काही मण्यांवर थोडी आली तर काही जण चालवून घेतात, तिच्यामुळे वाईन अजून गुळगुळीत होते. हिरवी आली की मणी बाद.

ब्रिक्स तोडताना साधारण तुमच्या बेदाण्याच्या द्राक्षाइतका, बाविसाच्या अल्याडपल्याड, सुकल्यावर अठ्ठावीस-तीस. म्हणजे बेदाणा होऊ देत नाहीत, अर्ध्या वाटेवर थांबवतात. नियमानं डिसेंबर उजाडल्याशिवाय चिरडता येत नाहीत. आणि १०० किलो ताज्या द्राक्षांमागे वाईन फार तर ४० लिटर धरतात. साध्या वाईनला ७० च्या आसपास निघते. भाव का चढतो ते यातच आलं.

आणि तुम्हाला आवडेल अशी गोष्ट: इथे जुन्या बागा मांडवावरच्या आहेत! पेर्गोला म्हणतात. कोर्विना नावाची जी मुख्य जात आहे, तिच्या काडीच्या बुडातल्या पहिल्या डोळ्यांना घडच लागत नाही. म्हणून काडी लांब ठेवावी लागते, आणि लांब काडीला मांडव सोयीचा.

बागवाला_तासगाव

बुडातले डोळे वांझ! मग फळछाटणीला काडी लांब ठेवावी लागणारच. आता पटलं. आणि “वाळलं पाहिजे, मेलं नाही पाहिजे” हे वाक्य शेडच्या दारावर लिहून ठेवतो. आमचा बेदाणा तपकिरी पडला की भाव पडतो; तिथं मात्र तो रंगच हवा असतो, असं दिसतंय.

लंडनकाका

गारगोटी, धागा उत्तम. पण तुमच्या मंडळींनी पहिल्या घोटाला दिलेला कौल मी इतक्या सहज मोडीत काढणार नाही.

मी निवृत्तीनंतर इथे वाईनचे रीतसर वर्ग केले. तिथे दर्जा ठरवताना चार गोष्टी बघायला शिकवतात: तोल, लांबी, तीव्रता आणि गुंतागुंत. तुझ्या वर्णनावरून ‘अ’ला तीव्रतेत पैकीच्या पैकी. खजूर, मुरंबा, व्हॅनिला, कॉफी हे पदर मोजले तर गुंतागुंतीतही मार्क आहेत. अमारोने ही मुळात ‘जास्त’चीच वाईन आहे. तिने भरगच्च असू नये म्हणणं म्हणजे श्रीखंडाला “जरा पातळ हवं होतं” म्हणण्यासारखं. जेवणाबरोबर कोणती संपली हा निकष चुकीचा, कारण ही वाईन इटालियन लोक स्वतःच जेवणानंतर, गप्पा मारत, चीजच्या तुकड्याबरोबर पितात. ‘चिंतनाची वाईन’ म्हणतात तिला. मटणाच्या रश्श्याबरोबर उघडलीस हीच चूक.

मिरची आणि सोळा टक्के दारू एकत्र आली की दोन्ही जास्त जाळतात. ‘अ’ला अन्याय झाला.

गारगोटी

काका, मटणाचं कबूल. रस्सा माझ्या नवऱ्यानं केला होता आणि कांदा-लसूण मसाला कोल्हापूरहून आला होता, तेव्हा वाईनचं काय झालं असेल ते समजा. पण ‘ब’सुद्धा साडेपंधरा टक्के होती. तिला का नाही झाला अन्याय?

रसायनी

इथे थोडं शास्त्र घुसडते, कंटाळा आला तर पुढे जा.

लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का दारू होते. सुकलेल्या द्राक्षाच्या रसात २८० ग्रॅम साखर असेल तर सोळा-साडेसोळा टक्के. पण यीस्टच्या बाजूनं विचार करा: इतक्या साखरेत तो जीव अक्षरशः वाळवणात पडल्यासारखा असतो, बाहेरची साखर त्याच्यातलं पाणी ओढत असते. स्वतःला वाचवायला तो ग्लिसरॉल बनवतो, आणि त्या ओघात अ‍ॅसेटिक आम्लही, म्हणजे व्हिनेगरमधलं. ग्लिसरॉलनं तोंडात भरीवपणा येतो. अ‍ॅसेटिक थोडं असेल तर वास उचलून धरतं, जास्त झालं की नेलपॉलिश. म्हणून साध्या रेड वाईनमध्ये जे दोष ठरेल, ते अमारोनेत थोडंफार घरचंच असतं.

शेवटाकडे दारू चढत गेली की यीस्ट दमतो, आणि थोडी साखर तशीच राहते. नियमात तिला मर्यादा आहे, पण मर्यादेच्या आतही चार ग्रॅम आणि आठ ग्रॅम यांत जिभेला फरक कळतो. ‘अ’ गोडसर लागली ती निव्वळ फळामुळे की साखरेमुळे? गोडी तुरटपणाचे कोपरे घासून टाकते, म्हणून पहिल्या घोटाला छान वाटतं. चहात साखर वाढवली की पत्ती कशी आहे ते कळत नाही, तसं.

आणि ग्लासाच्या आतून जे ओघळ उतरतात, त्यांवर भाळू नका. दारू पाण्यापेक्षा लवकर उडते, त्यामुळे कडेला पृष्ठताण बदलतो आणि थेंब वर खेचले जाऊन खाली घरंगळतात. ते दारूचं प्रमाण सांगतात, दर्जा नाही.

एक प्रश्न: तापमान किती होतं?

गारगोटी

लाज वाटते, पण सांगते. ‘अ’ शेगडीजवळच्या फळीवर होती. स्वयंपाकघर २४-२५ अंश असणार. ‘ब’ खिडकीपाशी.

रसायनी

झालं! सोळा टक्के २५ अंशाला म्हणजे नाकात आधी दारूच. १६ ते १८ अंशांना परत चाखा, मग बोला.

मडगावची_माई

आमच्या गोंयात वाईन म्हणजे पोर्ट. पाव्हणा आला की बारीक ग्लासात लाल, गोड. त्यामुळे माझ्या सासूबाईंना कुठलीही इटालियन रेड दिली की “हें कडू कित्याक?” हाच प्रश्न. तुमच्या ‘अ’ला आमच्या घरात शंभर टक्के मतं पडली असती.

पण अमारोने या नावातच कडू आहे ना? अमारो म्हणजे कडू हे मला तिथल्या कडवट लिकरमुळे ठाऊक.

गारगोटी

@मडगावची_माई, हो. आणि ‘-ओने’ हा मोठेपणाचा प्रत्यय, म्हणजे मोठा कडू. आपल्याकडे ‘कडूजहर’ म्हणतात तसं, फक्त प्रेमानं.

मूळची इथली मानाची वाईन गोड, रेचोतो. तीही सुकवलेल्या द्राक्षांचीच, फक्त आंबणं मध्येच थांबतं आणि साखर राहते. ‘रेचे’ म्हणजे इथल्या बोलीत कान: घडाच्या वरच्या बाजूचे, उन्हाला असणारे दोन फाटे, त्यांतली द्राक्षं सगळ्यात गोड. नेग्रारच्या सहकारी वायनरीत १९३६ साली रेचोतोचं एक पिंप विसरलं गेलं आणि यीस्टनं उरलेली साखर खाऊन टाकली. तिथले तळघरप्रमुख आदेलिनो लुक्केसे यांनी चाखून म्हटलं, “हा अमारो नाही, अमारोने आहे!” अशी कथा सांगतात. कथाच म्हणा, पिंपं त्याआधीही विसरली गेली असणार, यीस्ट काही कुणाला विचारून थांबत नाही. पण नाव टिकलं. बरीच वर्षं लेबलवर ‘रेचोतो अमारोने’ असंच असायचं. १९६८ ला डीओसी, म्हणजे मूळ मुलूख आणि पद्धत नियमानं बांधणारा इटलीचा शिक्का, आणि २०१० ला त्याच्या वरचा दर्जा, डीओसीजी.

तर माई, तुमच्या सासूबाईंसाठी रेचोतो. गोड, आणि चॉकलेटबरोबर फर्मास. त्यांना कडू म्हणायला जागाच नाही.

लंडनकाका

थोडी भर. सुकवलेल्या द्राक्षांची वाईन या मुलखात फार जुनी. सहाव्या शतकात इटलीतल्या गॉथ राजांचा मंत्री कासिओदोरस याने व्हेरोनाच्या बाजूची ‘आसिनातिकुम’ राजाच्या टेबलासाठी मागवताना तिची तोंड भरून तारीफ केली आहे.

आणि कडू-तुरटचा घोळ मिटवा. इंग्रजीत शिकणाऱ्यांना तो समजावताना शिक्षकांचा घाम निघतो. आपल्याकडे शब्दच वेगळे आहेत. मेथीदाणा कडू, सुपारी तुरट. कडू जिभेला कळतं. तुरट ही चवच नाही, लाळेतली प्रथिनं धरली जाऊन तोंड कोरडं पडतं तो स्पर्श. चांगल्या अमारोनेत दोन्ही हवेत: तुरटपणा जांभळाइतका, आणि कडवटपणा अगदी शेवटी, बारीक.

पेठकर

काका, तुम्ही ‘अ’च्या बाजूनं होतात ना? मग ही जांभळं आणि शेवटचा कडवटपणा ‘ब’मध्ये आहेत.

लंडनकाका

आलं लक्षात. पाय मागे घेत नाही, पण जरा सरकवतो.

गारगोटी, एक काम कर. दोन्ही परत चाखणार असशील तर गिळल्यावर (किंवा थुंकल्यावर) सेकंद मोज. पण नुसते सेकंद नको, शेवटी काय उरतं ते लिही. घशात जळजळ वीस सेकंद राहिली तर ती लांबी नव्हे. चव वीस सेकंद राहिली तर लांबी.

ऐसपैस

ठाण्यातून लिहितोय. आयात शुल्क धरून इथे अमारोनेचा भाव बघितला आणि तिथेच बसलो. तोच प्रकार स्वस्तात मिळेल असं काही? आणि घरात ३० अंश असताना १७ अंश कसे आणायचे?

गारगोटी

@ऐसपैस, रिपास्सो बघा. अमारोने काढून झाली की पिंपात उरलेल्या सालींच्या चोथ्यावर साधी व्हालपोलिचेल्ला ओततात आणि ती पुन्हा थोडी आंबते. चोथ्यातली उरलीसुरली साखर, रंग, वास उचलते. मासी या घराण्यानं १९६४ च्या हंगामापासून ‘काम्पोफिओरिन’ या नावानं ही पद्धत पुन्हा चालू केली. आपल्याकडे आमटीत आदल्या दिवशीच्या कटाचा चमचा जातो, त्यातला प्रकार. अमारोनेची सावली म्हणा, पण रोजच्या जेवणाबरोबर मला तीच जास्त चालते.

तापमानासाठी: फ्रिजमध्ये तासभर, मग बाहेर दहा मिनिटं. ग्लासात थोडी थंड वाटली तरी हरकत नाही, ठाण्यात ती आपोआप चढेल. गरम झालेली उतरत नाही. आणि ग्लास मोठा घ्या, तिसऱ्या हिश्श्याच्या वर भरू नका.

जुनाजाणता

इथे जुन्या-नव्याचा झगडा दिसतोय, म्हणून दोन पैसे. व्हालपोलिचेल्लात दोन टोकं म्हणून दोन नावं नेहमी घेतात. नेग्रारचे जुझेप्पे क्विंतारेल्ली (२०१२ ला गेले): मोठी जुनी पिंपं, वर्षानुवर्षं थांबणं, हातानं लिहिल्यासारखी लेबलं. आणि क्लासिको पट्ट्याच्या बाहेर, इल्लासीच्या खोऱ्यातले रोमानो दाल फोर्नो: दाट लावलेल्या वेली, नवी छोटी पिंपं, काळीकुट्ट, प्रचंड वाईन. पण दाल फोर्नो हे क्विंतारेल्लींनाच गुरू मानणारे! त्यामुळे दाट म्हणजे नवं नि वाईट, फिकं म्हणजे जुनं नि चांगलं, असा हिशोब कुणी मांडू नये. कोर्विनाला मुळात फार काळा रंग नसतो. ‘अ’ इतकी काळी असेल तर ओझेलेतासारखी गडद जात मिसळलेली असू शकते, किंवा नवं लाकूड, किंवा दोन्ही. त्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की त्या काळेपणाला आतून आंबटपणाचा कणा आहे का.

आणि वर्षही बघा. २०१४ साली पावसानं इतकी धूळधाण केली की अनेक चांगल्या घरांनी अमारोने केलीच नाही. ज्याला न करता थांबता येतं त्याच्यावर माझा जास्त विश्वास. २०१६ मात्र उत्तम, तेव्हा तुमच्या ‘अ’ला हवामानाची सबब नाही.

रसायनी

+१. आंबटपणाचा कणा हे नेमकं. सुकवताना आम्लही दाटतं, पण साखरेइतकं नाही, कारण मॅलिक आम्ल काही प्रमाणात द्राक्ष स्वतःच जाळतं. मुळातच आंबट नसलेलं, उशिरा तोडलेलं द्राक्ष सुकवलं तर शेवटी गोडी आणि दारू उरते, उभं राहायला काही नसतं. कोर्विना यासाठीच कामाची, तिला आंबटपणा भरपूर.

गारगोटी

फेरतपासणीचा अहवाल. ‘अ’ची अर्धी बाटली बूच लावून होती, ‘ब’ची दुसरी बाटली आणली (पदरचे पैसे गेले, नोंद घ्यावी). दोन्ही फ्रिजमधून, ‘ब’ दोन तास आधी उघडून. थर्मामीटर मुलाच्या तापाचा निघाला, पस्तीसच्या खाली जाईना, म्हणून बाटलीला हात लावून अंदाज.

‘अ’: रसायनीचं बरोबर. थंड केल्यावर नाकातली दारू मागे हटली आणि खाली मुरंब्याशिवाय थोडी दालचिनी सापडली. शनिवारनंतरच्या वादात मी तिला जास्तच हिणवलं. पण घोट घेतल्यावर सुरुवातीचा धक्का जेवढा मोठा, तेवढाच मधला भाग एकसुरी. खजूर, खजूर आणि परत खजूर. शेवट: आठ सेकंद चव, मग गोडी विरली आणि घशाशी गरम. काका, तुमच्या नियमानं ते गरम धरलं नाही. चौथ्या घोटाला ओठ चिकट लागायला लागले.

‘ब’: या वेळी वास लगेच. आंबटपणानं तोंडाला पाणी सुटतं, आणि त्यावर तुरटपणा बसतो, दोघं एकमेकांना धरून. मी बावीसपर्यंत मोजलं आणि फोन वाजला. तेव्हाही बीचा कडवटपणा होता. गंमत म्हणजे ही ग्लासात बदलत राहिली. अर्ध्या तासानं गुलाबाच्या सुकलेल्या पाकळ्या आल्या, ज्या आधी अजिबात नव्हत्या.

ताकद दोन्हींत आहे. ‘अ’ ती सगळी दारातच ओतते. ‘ब’ची ताकद दुसऱ्या ग्लासाला कळते, कारण तोपर्यंत जीभ थकलेली नसते. माझा कौल ‘ब’, आणि आता पटवून सांगता येईल असा.

लंडनकाका

आठ आणि बावीस? मग माझाही ‘ब’. श्रीखंडाचं उदाहरण मागे घेतो. चांगल्या श्रीखंडातही दह्याचा आंबटपणा लागतोच, हे मी कसं विसरलो कोण जाणे.

मडगावची_माई

मी अजून ‘अ’वर. सगळ्यांनी शहाणं व्हायला पाहिजे असं नाही.

बागवाला_तासगाव

ताई, ‘अ’ उरली ना? तिचं काय केलं?

गारगोटी

खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. तरुणपणी हंगामाला द्राक्षं सुकवण्याच्या माळ्यावर कामाला जायचे. त्यांना दोन ग्लास नेऊन दिले, कुठली कोणती ते सांगितलं नाही. ‘अ’ हुंगली, एक घोट घेतला, मान हलवली, ग्लास बाजूला ठेवला. ‘ब’ घेतली आणि खुर्ची खिडकीकडे वळवून बसले. मी विचारलं, “आणि ही पहिली?” ते उठले, कपाटातून व्हिआलोने नानो तांदळाची पिशवी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “सगळी ओत. कांदा बारीक चीर, लोणी शेवटी.”

काल रात्री रिसोत्तो केला. जांभळा झाला, वरून मोंते व्हेरोनेझे चीज किसलं. मुलानं दोनदा घेतला.

पेठकर

म्हणजे शेवटी सोळा टक्क्यांचा मसालेभात.